फाईन किती झाला?

आमच्या घरी 'फाईन' हे विशेषण नव्हतंच कधी. ते नाम होतं. आणि रोज पन्नास पैशांनी वाढायचं.

सांगतो. माझी आई सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क होती. पुस्तकं देणं-घेणं, शिक्के मारणं, फाटक्या पानांना डिंक लावणं आणि उशिरा येणाऱ्यांकडून फाईन घेणं ही तिची कामं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्यावर बोट ठेवून ती ओठ हलवत दिवस मोजायची आणि आकडा सांगायची. तो कधी चुकायचा नाही. मग पोरांची वकिली सुरू. "मॅडम, ताप आला होता." "मॅडम, एसटी बंद होती." एकाने तर पुस्तक म्हशीने खाल्लं असं वाटलं होतं पण नंतर गोठ्यातच सापडलं, असंही सांगितलं होतं म्हणे. आई सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच वाक्य बोलायची.

"भर आणि मोकळा हो."

शाळा सुटली की मी तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचो, त्यामुळे हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. गंमत म्हणजे पैसे हातात पडले, पावती फाडली की आई त्या पोराला पुढे काहीही ऐकवायची नाही. उपदेश नाही, टोमणा नाही. उलट "हे आवडलं का? मग त्यांचंच दुसरं घेऊन जा" म्हणून नवं पुस्तक पुढे करायची. विषय संपला म्हणजे संपला.

तर असा मी बारावी करून इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. होस्टेलवर जो तो "हाऊ आर यू" म्हणायचा आणि जो तो "फाईन" म्हणायचा. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द म्हणजे गेटपासच. व्याकरण चुकायची भीती नाही, काळ नाही, वचन नाही, एका शब्दात काम तमाम. पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला. "कसा आहेस रे?" मी ऐटीत म्हटलं, "फाईन!"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग काळजीचा आवाज. "आत्ताच? किती झाला?"

तेव्हापासून तो आमच्या घरचा कायमचा विनोद झाला. मी "फाईन" म्हणायचो, आई "किती झाला?" विचारायची, दोघं हसायचो आणि मग जेवलास का, पाऊस आहे का वगैरे सुरू. दहा वर्षं हेच.

या शब्दाकडे मी नीट पाहिलं ते मात्र गेल्या वर्षी. तुम्हीही एक दिवस मोजून बघा मंडळी, तो किती ठिकाणी भेटतो ते. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतो, मॉड्यूल कसं चाललंय? फाईन. कोड रिव्ह्यूला उत्तर येतं, "लुक्स फाईन टू मी" (म्हणजे मी उघडूनही पाहिलेला नाही). डेटाबेसमध्ये फाईन-ग्रेन्ड लॉक. हल्ली उठसूट कुठल्या तरी मॉडेलचं फाईन-ट्यूनिंग. विम्याच्या कागदांवर फाईन प्रिंट, सराफाकडे फाईन गोल्ड, चित्रकलेच्या कॉलेजात फाईन आर्ट्स, हवा चांगली असेल तर फाईन वेदर, सिग्नल तोडला तर फाईन. आणि भांडण झाल्यावर समोरची व्यक्ती नुसतंच "फाईन." म्हणते तो प्रकार तर वेगळाच. त्यातला पूर्णविराम ऐकू येतो!

आता बारीक, शुद्ध, सुंदर, निरोगी, दंड आणि "जा खड्ड्यात" हे सगळं एकाच शब्दात कसं काय मावतं? एखाद्या ज्युनिअरने एकाच व्हेरिएबलमध्ये सहा प्रकारचा डेटा कोंबला असता तर मी त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता.

पण हा प्रश्न मला पडायचं कारण तेवढं गमतीचं नाही.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात काही अर्थ नाही. दुपारी साडेतीनला एका मीटिंगचं बोलावणं आलं, कॅमेऱ्यासमोर एचआरच्या एक बाई आणि माझा मॅनेजर, वीस मिनिटांत सगळं उरकलं. दोन महिन्यांचा पगार मिळणार होता. संध्याकाळपर्यंत ईमेल बंद. मी खोलीवर आलो, बूट काढले आणि पलंगावर बसून राहिलो. गावच्या घरावर वरचा मजला बांधला होता, त्याचं कर्ज माझ्या नावावर, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला.

रात्री आठला नेहमीप्रमाणे आईचा फोन. "कसा आहेस?"

"फाईन."

"किती झाला?" आई हसली. मीही हसलो.

उद्या सांगू, म्हटलं. उद्या झाला, परवा झाला. चार ठिकाणी अर्ज टाकलेत, एकाचं तरी जमू दे मग सांगू. ते चारही बारगळले. आता एवढे दिवस का नाही सांगितलंस हेही सांगावं लागणार, म्हणून आणखी पुढे ढकललं. मध्ये एकदा तिने भर दुपारी फोन केला तर मी "मीटिंगमध्ये आहे" असं कुजबुजलो. बसलो होतो स्वयंपाकघरात, मॅगीसमोर.

रात्री झोप यायची नाही. अर्ज करण्यासारखं जे काही होतं ते दिवसा करून झालेलं असायचं. अशाच एका रात्री फोन ठेवल्यावर तो शब्द कानात घुमत राहिला आणि मी लॅपटॉप उघडून त्याची व्युत्पत्ती शोधायला बसलो. स्टॅक ट्रेस उलगडतो तसा एकेक पायरी मागे मागे जात.

सगळ्यात तळाशी लॅटिन शब्द निघाला : फीनिस. अर्थ, सीमा किंवा शेवट. फायनल, फिनिश, फिनाले हे सगळे त्याचेच वंशज हे ओळखणं सोपं आहे. जावा लिहिणाऱ्यांचा 'फायनली' ब्लॉकसुद्धा. पण 'शेवट'पासून 'उत्तम' कसं झालं? तर जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' असं विशेषण झालं. शेवटाला पोचलेलं, पूर्णत्वाला गेलेलं, ज्याच्या पुढे आता काही नाही असं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या मागोमाग फ्रेंच शब्दांचं वऱ्हाडच इंग्रजीत उतरलं आणि तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्दही तिथे स्थिरावला.

हे वाचून आधी जरा विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की आपण तरी दुसरं काय करतो? पराकाष्ठा म्हणतो. त्यातल्या 'काष्ठा'चा अर्थ मर्यादा. पराकोटी म्हणतो, त्यातली कोटी म्हणजे टोक. परमावधी, त्यातला अवधी म्हणजे पुन्हा सीमाच. आणि 'अत्यंत' तर उघडच आहे, अति अधिक अंत. 'मी अत्यंत आनंदी आहे' म्हणजे शेवटाच्याही पलीकडे आनंदी आहे. दोन्हीकडच्या माणसांना उत्तम म्हटलं की टोकच आठवतं.

पुढची पायरी सोनं. सोनं वितळवून, हिणकस काढून टाकून जे उरतं ते फाईन. रिफाईन हा शब्द त्याच घरातला, रिफायनरीही तिथलीच. सोन्याची शुद्धता हजारात मोजतात तिला इंग्रजीत आजही फाईननेसच म्हणतात. बांगडीवर ९१६ असा छाप असतो तो हाच. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसातले बावीस भाग सोनं, हजारात साधारण ९१६. आपल्याकडे कसोटीवर घासून बावनकशी म्हणायचे, त्यांच्याकडे फाईन.

शुद्ध करायचं म्हणजे गाळायचं, चाळायचं. चाळलं की कण बारीक होतात. म्हणून पीठ फाईन, वाळू फाईन, पेनाचं निब फाईन. आणि बारीक काम करायला हात आणि नजर लागते म्हणून कारागिरी फाईन. आपला 'बारीक' फारसीतून आलेला, पण त्याचाही प्रवास तसाच. बारीक रवा, बारीक नक्षी, बारीक लक्ष. मी सुट्टीला घरी गेलो की बारीक झालास, तो निराळा.

राहिला दंड. हा माझा सगळ्यात आवडता भाग. मध्ययुगात दोन पक्षांत वाद झाला की पैसे देऊन तो मिटवायचे. वाद 'संपवण्यासाठी' दिलेली रक्कम ती फाईन. म्हणजे त्या शब्दाचा मूळ रोख मारण्यावर नव्हता, मिटवण्यावर होता. आपल्या 'दंड' शब्दाचा मूळ अर्थ काय आहे? काठी! आपण दंड भरतो तेव्हा काठी आठवते, इंग्रजीत भरतात तेव्हा शेवट. (फायनान्सही इथलाच बरं का, कर्ज चुकतं करून मोकळं होणं हा त्याचा जुना अर्थ. ज्याने कोणी हा शब्द काढला त्याने वीस वर्षांचा हप्ता पाहिला नसणार.)

इंग्लंडमध्ये तर बाराव्या शतकापासून थेट १८३३ पर्यंत जमिनीच्या एका कोर्टकागदालाच फाईन म्हणत. एका कातड्यावर तोच मजकूर तीनदा लिहायचा, दोन प्रती शेजारी-शेजारी आणि एक खाली पायाशी. मग नागमोडी रेषेत कापून दोन प्रती दोन पक्षांना, आणि पायाकडची कोर्टाकडे. पुढेमागे कोणी खोटी प्रत आणली तर कड जुळवून बघायची, नागमोड बसली पाहिजे. चेकसमच म्हणा ना! ११९५ पासून कोर्टाने जपलेल्या त्या तिसऱ्या प्रती आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि त्यातली मजा अशी की पुष्कळदा मुळात भांडण नसायचंच. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची, पक्की नोंद हवी, म्हणून लुटुपुटीचा दावा लावायचा आणि कोर्टासमोर तो मिटवायचा. सगळं आधीच ठरलेलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं, नोंद झाली, चला घरी.

"हाऊ आर यू?" "फाईन." यात आणि त्यात फरक काय?

प्रकृतीबद्दलचा हा 'फाईन' त्या मानाने खूप उशिराचा. पण मला त्या रात्री वाटलं की या शब्दाने एवढी वळणं घेतली, तरी मूळचं काम काही सोडलेलं नाही. तो अजूनही शेवटच करतो. कोणी विचारलं कसा आहेस, आणि आपण फाईन म्हटलं, की संभाषण तिथे संपतं. ते संपावं म्हणूनच आपण तो वापरतो. के. सी. ग्रीन यांच्या २०१३ च्या चित्रमालिकेतला तो कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. घराला आग लागलीय, हा कॉफीचा कप पुढ्यात घेऊन म्हणतोय, "धिस इज फाईन." हापिसात आम्ही तो एकमेकांना किती वेळा पाठवला असेल देव जाणे. त्या महिन्यात मला तो बघवेना.

असो. एका शुक्रवारी रात्री मी स्वारगेटहून एसटी पकडली आणि शनिवारी पहाटे घरी पोचलो. आईला वाटलं, सहज आला. ती रिटायर झाल्यापासून शनिवार-रविवार पुरणपोळी हा नियमच आहे, मी आलो तर. स्वयंपाकघरात खाली बसून सपीट चाळत होती. मी शेजारी पाटावर. "बारीक झालास," झालंच.

आता थेट विषय काढायची हिंमत नव्हती. म्हणून मी तिला व्युत्पत्ती सांगायला लागलो. आई, तुझा फाईन आणि माझा फाईन एकच आहेत माहितेय का? फीनिस, सोनं, चाळणी, कातड्यावरचे कागद, सगळं सांगितलं. हे तू चाळतेयस तेसुद्धा फाईन, म्हटलं. आईला मजा आली. लायब्ररीतली बाई ती, तिला असलं काही सांगितलं की डोळे चमकतात. "म्हणजे मी पोरांना भर आणि मोकळा हो म्हणायचे ते बरोबरच होतं की," असं म्हणून हसली.

मग चाळणी हलवता हलवता, अगदी सहज, वर न बघता तिने विचारलं, "आणि तू रोज फोनवर म्हणतोस तो यातला कुठला?"

मला काही सुचेना. एवढे अर्थ पाठ केले होते, पण यातला एकही म्हणवेना. मी जमिनीवर सांडलेलं पीठ बोटाने गोळा करत राहिलो. मग सांगितलं. साडेतीनची मीटिंग, बंद झालेला ईमेल, बारगळलेले अर्ज, मॅगीसमोर कुजबुजलेली मीटिंग. सगळं.

चाळणी थांबली होती. मी तयारीत होतो, रडेल, ओरडेल, बाबांना हाक मारेल. तिने पहिला प्रश्न विचारला तो, "हप्ता गेला का या महिन्याचा?"

"गेला. मिळालेल्या पैशातून."

"बरं."

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी रोज विचारत होते रे." एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं. आठ वाजता पलीकडे बसून कोणीतरी खरंच विचारत होतं, आणि मी रोज एका शब्दात दार लावत होतो. वर तिच्याच विनोदाची कडी घालून.

पोळ्या झाल्या, जेवणं झाली. बाबांनाही सांगितलं, ते "होतं असं" म्हणून बातम्या बघायला गेले, आणि बातम्या म्यूटवर बघत बसले. दुपारी मी ओट्यापाशी पाणी पीत होतो तर आई मागून आली.

"किती तारखेला गेली म्हणालास?"

मी तारीख सांगितली. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. पान उलटलं, पुन्हा मोजलं.

"सत्तेचाळीस दिवस. पन्नास पैशांनी साडेतेवीस रुपये."

मला हसू आलं आणि त्याच वेळी घशात काहीतरी अडकलं. पाकिटात वीसची नोट आणि दोन-दोनची दोन नाणी होती. ती तिच्या हातावर ठेवली. "आठ आणे सुटे नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली आणि पैसे देवघरातल्या डबीत टाकून दिले. त्यानंतर त्या सत्तेचाळीस दिवसांबद्दल ती एकदाही काही बोललेली नाही. आजतागायत.

नवी नोकरी लागायला पुढे आणखी दोन महिने गेले. पगार थोडा कमी आहे. पण त्या दोन महिन्यांत रात्री आठला मी रोज खरं सांगायचो. कोणती कंपनी, कितवा राउंड, काय विचारलं, काय आलं नाही. आई एका वहीत लिहून ठेवायची आणि मी विसरलो तरी तिला आठवायचं, "त्या बंगलोरवाल्यांचं काय झालं रे?" हप्त्याचा प्रश्न तिने सोडवला नाही, सोडवणं शक्यही नव्हतं. पण निदान मला झोप यायला लागली.

परवा फोन आला तेव्हा सवयीने तो शब्द पुन्हा जिभेवर आलाच होता. गिळला. म्हटलं, "मान दुखतेय आई, नवीन मॅनेजर बरा आहे पण फार बोलतो, आणि खालच्या टपरीवाल्याने चहा महाग केलाय." तिने मानेला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. अकरा मिनिटं बोललो आम्ही. फोनवर दिसतं ना, किती वेळ झाला ते.

आता बाहेर पाऊस पडतोय. असल्या हवेला इंग्रज लोक फाईन म्हणत नाहीत. म्हणोत बापडे. दुसरा चहा टाकतो.